गव्हामागची ज्वारी

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "बशीरभाऊ, आर्णीत जन्मभर चक्की चालवली, काहीतरी लिहा." मी म्हटलं, लोकांचं दळण दळता दळता म्हातारा झालो, आता माझं दळण कोण ऐकणार? तर म्हणे तेच पाहिजे. मग घ्या. कंटाळा आला तर शिव्या त्यांना द्या. त्यांनी एक अट मात्र घातली, की भाषा शुद्ध हवी. माझी मराठी बाजारातली, निम्मी हिंदीत बुडवलेली. नातीनं चुका काढून दिल्या. पण बाया जशा बोलल्या तशाच मी ठेवल्यात, तिथं नातीचंही ऐकलं नाही.

अठ्ठावन साली मी चक्की टाकली. डिझेलचं इंजिन, चामड्याचा पट्टा आणि दोन दगड. इंजिन सुरू झालं की धुराड्याच्या तोंडावरचा डबा पुक-पुक करायचा आणि सगळ्या मोहल्ल्याला कळायचं की बशीर कामाला लागला. त्याआधी घरोघरी जातं होतं. माझ्या इंजिनानं वर्षभरात बऱ्याच बायांची पहाटेची मोडलेली कंबर सरळ केली, असं मी छाती फुगवून सांगत असे. छाती जरा जास्तच फुगलेली होती, ते पुढे येईलच.

ज्यांनी चक्की फक्त बाहेरून पाहिली त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण सगळी भानगड तिच्यावरच उभी आहे. चक्कीचे दगड कधी रिकामे होत नाहीत. एकाचं दळण संपलं तरी मूठ-दोन मुठी पीठ दगडांच्या खाचांत, नळीत, फडक्यात अडकून राहतं. पुढच्याचं धान्य पडलं की ते आधी बाहेर येतं आणि त्याच्या डब्यात जातं. म्हणजे प्रत्येकजण थोडं आपलं ठेवून जातो आणि थोडं मागच्याचं घेऊन जातो.

आता आमच्या भागात रोजची भाकर ज्वारीची. गहू सणाचा, पाहुण्याचा, नाहीतर पैसेवाल्याचा. त्यामुळे गहू दळणारी बाई ज्वारीच्या मागे नंबर लागला की भांडायची, "माही कणीक काळी होते नं व!" आणि ज्वारीवाली हळूच माझ्या कानाशी यायची. "बशीरभाऊ, मायं गव्हामागं टाकजा." कारण गव्हामागची ज्वारी म्हणजे दोन मुठी कणीक फुकट. भाकर मऊ होते, थापताना तुटत नाही, पोरं खूश. ही दोन मुठींची जहागीर माझ्या हातात होती आणि मी ती राजासारखी वाटत असे. बाळंतीण असेल, आजारी असेल, जावई आला असेल, तर त्यांचा डबा गव्हामागे. एका बाईनं तर जावई येणार येणार म्हणून सहा महिने गव्हामागे दळून घेतलं. शेवटी कळलं की तिला मुलगीच नाही.

दुसरा एक प्रकार सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. चंद्रभागाबाई म्हणून एक विधवा होती. छप्पन साली घरच्यांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, रानात मजुरीला जाणारी, एक मुलगी शाळेत घातलेली. ती घरच्या जात्यावर दळायची, पण निंदणी-वेचणीच्या दिवसांत हात उरायचा नाही म्हणून चक्कीवर यायची. तिचं झालं की पुढची बाई मला डोळ्यानं खुणवायची. मग मी माझ्या पोत्यातली मूठभर ज्वारी मध्ये टाकायचो, ती दळून बाजूला काढायचो आणि पुढचं दळण घ्यायचो. याला बाया 'मधली मूठ' म्हणत. चंद्रभागाबाई हे सगळं पाहायची आणि डबा डोक्यावर घेऊन जायची. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. गिऱ्हाईक तुटेल म्हणून भीत होतो, बस.

तर गोष्ट मुनीमजींच्या शकूची. विनायकराव जिनिंगमध्ये मुनीम होते. माणूस सज्जन, पण गव्हाचा भारी अभिमान. "आमच्याकडे दोन्ही वेळ पोळी" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दोनदा तरी निघायचं, म्हणजे पोळीइतकंच. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली. तिचे पहिले सहा-आठ महिने छान गेले, गुबगुबीत पोर. मग वरचं खाणं सुरू झालं आणि ती उतरायला लागली. तीन वर्षांची झाली तेव्हा हातपाय काड्या, पोट घमेल्यासारखं, सारखी हगवण आणि तोंडावर अशी नाराजी की जणू कुणी तिचं शेत बळकावलं आहे. हसायची नाही. चालताना भिंत धरायची.

उपाय काय कमी झाले? वैद्यानं संग्रहणी म्हणून पुड्या दिल्या. कुणी दृष्ट काढली. आमच्या अम्मीनं ताईत दिला, तोही इंदुवहिनींनी, म्हणजे शकूच्या आईनं, बिनतक्रार बांधला. आणि अख्ख्या गावाचं एका गोष्टीवर एकमत होतं, पोरीला ताकद पाहिजे. ताकद म्हणजे गहू. तुपातला शिरा, दुधातल्या शेवया, पोळीचा मलिदा, मैद्याची बिस्किटं. पोर जितकी वाळे तितका शिरा वाढे.

शेवटी नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण माणूस होता, नवीन शिकून आलेला. त्यानं पोट दाबलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "हिला गहू बाधतो. गव्हाची पोळी पूर्ण बंद करा." विनायकराव त्याच्याकडे असे पाहत राहिले की जणू त्यानं सांगितलं, हिला हवा बाधते.

डॉक्टरांनी त्यांना जे समजावलं ते त्यांनी मला आल्यावर सांगितलं. कणकेत एक चिकटा असतो. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहा, पांढरं पाणी निघून जातं आणि मागे रबरासारखं काहीतरी उरतं, तो हा. त्याच्यामुळेच पोळी लाटता येते. ज्वारीत तो नाही म्हणून भाकर थापावी लागते. आपल्या आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्न शोषून घेते. काही माणसांच्या अंगाचं या चिकट्याशी वैर असतं. तो पोटात गेला की लव झडते, मग खाल्लेलं सगळं तसंच वाहून जातं. कुणाला गहू नुसता जड पडतो, पोट फुगतं, ते वेगळं. हिचं वैर जन्माचं आहे. त्यावर औषध नाही, गोळी नाही. गहू बंद, जव बंद, एवढंच.

त्या चिकट्याचं नाव ग्लूटेन. दोन दिवसांत आर्णीच्या बाजारात त्याचं 'गुलटन' झालं. मुनीमजींच्या पोरीला गुलटननं धरलं आहे, ही बातमी माझ्या चक्कीवर आली तेव्हा एका म्हाताऱ्या आजींनी गंभीरपणे विचारलं, "हा गुलटन कोन्या गावचा व? अन् पोलीस काहून नाही धरून राह्यले त्याले?"

पोळी बंद झाली. महिना गेला, पोर तशीच. विनायकराव पुन्हा नागपूरला. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय खाते?" इंदुवहिनींनी सांगितलं, "पोळीचा तुकडाही नाही दिला, डॉक्टरसाहेब. नुसता शिरा, शेवया अन् बिस्किटं." डॉक्टरांनी म्हणे कपाळावर हात मारून घेतला. पण वहिनींचं काय चुकलं? आमच्याकडे गहू म्हणजे पोळी. रवा हा रवा असतो आणि शेवया या शेवया. शेवयांना कोणी गहू म्हणतं का?

मग सगळंच थांबलं. "भाकर, वरण, भात, दूध," डॉक्टर म्हणाले. "आणि लवकर. पोर फार उतरली आहे. अजून एक-दोन महिने असेच गेले तर मी काही सांगू शकत नाही." विनायकरावांनी हे मला चक्कीच्या पायरीवर बसून सांगितलं. दोन्ही वेळ पोळी खाणारा माणूस ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन रडत होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मुनीमजी, आजपासून शकूची ज्वारी माह्याकडे. मी सोता दळीन."

आणि मी दळली. दर चौथ्या दिवशी ताजं पीठ. माझा जीव त्या पोरीवर इतका लागला की मी तिला माझ्या जहागिरीतला सगळ्यात मोठा मान दिला. डबा आला की थांबवून ठेवायचा. गहू आला की तो आधी दळायचा, तोही चांगला बन्सी गहू आहे का ते बघूनच. आणि लगेच त्याच्यामागे शकूची ज्वारी. एकदा तर माझ्याच घरचे गहू त्यासाठी आधी दळले. भाकर मऊ होईल, आजारी लेकराला तेवढाच आधार. जुबेदाला, माझ्या बायकोला, मी कौतुकानं सांगितलंही. ती म्हणाली, "सवाब मिलेगा." पुण्य लागेल म्हणे.

पाच आठवडे झाले. शकू भिंत धरूनही चालेना. मुनीमजींच्या घरी संशयाचं वारं सुटलं. मोलकरीण चोरून बिस्कीट देते का? शेजारीण मलिदा भरवते का? वहिनींनी तर देवापुढे शपथ घेतली की घरात गव्हाचा दाणा नाही. आणि नव्हताच. सगळे गहू त्यांनी वाटून टाकले होते.

तिसऱ्यांदा नागपूरला गेले आणि परत आल्या आल्या विनायकराव स्टँडवरून सरळ चक्कीवर आले. इंजिन सुरू होतं म्हणून ओरडून बोलावं लागलं.

"बशीर, डॉक्टर विचारत होते, पीठ कुठे दळता?"

"सांगा नं, बशीरकडे!"

"तसं नाही. आमची ज्वारी कशाच्या मागे टाकतोस?"

मी छाती पुढे काढून ओरडलो, "गव्हामागे, मुनीमजी! दर खेपेला! एकदाबी चूक नाही!"

त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मग त्यांनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं. इंजिनाच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं. मी पट्टा उतरवला. पाच आठवडे मी माझ्या हातानं, प्रेमानं, निवडून निवडून त्या लेकराला विष खाऊ घातलं होतं. रांगेतल्या बाया विचारू लागल्या काय झालं म्हणून. त्या दिवशी मी रडलो, हे लिहायला मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी चक्की बंद ठेवून मी दगड उघडले, घासले, नळी धुतली, फडकं बदललं. मग उभा राहून वर पाहिलं. आढ्यावर पीठ. भिंतीवर पीठ. कोनाड्यातल्या आरशात पाहिलं तर माझ्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. हवेतच गहू होता. मीच चालता-फिरता गहू होतो. माझ्या चक्कीतून शकूसाठी स्वच्छ पीठ निघणं शक्य नव्हतं. ज्या जात्यांना मी इंजिनाच्या गुर्मीत हसलो होतो, त्यातलंच एक आता पाहिजे होतं.

नवं जातं आणावं, तर पावसाळा चालू. पाथरवट दसऱ्यानंतर बाजारात येणार, आणि नव्या जात्याची कच महिनाभर पिठात उतरते. तेवढे दिवस पोरीजवळ नव्हते. म्हणजे चालतं जातं हवं, पण ज्यात कधी गहू दळला नाही असं. जुन्या जात्याच्या खाचांत किती सणांची कणीक मुरलेली असते, ते मला आता चांगलंच कळलं होतं.

म्हटलं, हे काय अवघड आहे? गावात निम्म्या घरांनी गहू पाहिलेला नाही. मी आणि विनायकराव निघालो, घरोघरी विचारत.

"बाई, तुमच्या जात्यात कधी गहू दळला का?"

अरे बाप्पा! काय विचारून बसलो! ज्या घरात तेल मोजून पडतं, ती बाई पदर खोचून उभी राहिली. "काहून? आमी काय भिकारी हावो? दर सणाले दळतो!" पुढचं घर. "मायबापानं देल्लं ते जातं, गव्हाशिवाय दुसरं काही घातलं नाही त्याच्यात!" तिसऱ्या घरी म्हातारीनं तर सांगितलं की तिच्याकडे ज्वारी कुत्र्याला घालतात. चुलीवर तेव्हा ज्वारीच्या कण्या शिजत होत्या, वास दारापर्यंत येत होता. विनायकराव हात जोडून म्हणायचे, "बाई, गहू दळला नसेल तरच आमचं काम आहे." पण तसं कबूल कोण करणार? दुपारपर्यंत हिंडलो तेव्हा आर्णी हे हिंदुस्थानातलं सगळ्यात जास्त गहू खाणारं गाव ठरलं होतं.

थकून चक्कीच्या पायरीवर येऊन बसलो. दळण घेऊन आलेल्या बाया चक्की बंद बघून तिथेच गप्पा मारत होत्या. चंद्रभागाबाईही डबा घेऊन उभी होती. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, पोरगी मरते, खरं सांगा. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"माह्या जात्यात नाही पडला गहू," चंद्रभागाबाई बोलली. "माह्या सासूच्या वक्तापासून नाही. घरी आलाच नाही, तं दळू कुठून? खोटं कायले बोलू?" आणि जरा थांबून म्हणाली, "म्या ठरवून ठेवलं हाये. एक दिवस घरी गहू आला, का पयली मूठ त्याच जात्यात टाकीन. पण ते जाऊ द्या. पोट्टी कितीक वर्साची हाये?"

विनायकरावांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. ज्या बाईच्या दळणानंतर मधली मूठ पडते, तिच्या घरचं पीठ त्यांच्या स्वयंपाकघरात जाणार होतं. तेवढ्यात मागून इंदुवहिनी आल्या. त्या कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. चंद्रभागाबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "बाई, तीन वर्षांची आहे. चला, मी ज्वारी घेऊन येते."

"येजा. पण फुकट नाही दळणार," चंद्रभागाबाई म्हणाली. "चक्कीवर जे दळणावळ देता ते मले द्या."

पहिलं दळण मी दळणार, असा मी हट्ट धरला. पाप माझं होतं. नवे कपडे घालून, नाहून, भुवया साबणानं धुऊन मी चंद्रभागाबाईच्या अंगणात जात्यापुढे बसलो. इंजिनाचा मिस्त्री मी, मला वाटलं त्यात काय आहे. खुंटा धरला आणि जोर लावला. वरची पाळू अर्धा फेरा गेली आणि अडली. पुन्हा लावला. ज्वारी उडून माझ्या मिशीत.

"बशीरभाऊ, इंजन नोहे थे," चंद्रभागाबाई ओरडली. "मूठ मूठ टाका! अन् हिसडा कायले देता? हातानं समजावून सांगा त्याले."

तोपर्यंत कुंपणापलीकडे दहा-बारा बाया जमल्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या गिऱ्हाईक. "बशीरभाऊ, गाणं म्हणा नं! गाण्याबिगर जातं फिरत नाही!" "डिझेल टाका व त्यायले!" तासाभरात मी दीड शेर दळलं, तळहाताला चार फोड आले आणि दुसऱ्या दिवशी खांदा उचलेना. चंद्रभागाबाईनं ते पीठ चाळणीतून बघितलं आणि म्हणाली, "याच्यात निम्म्या कण्या हायेत," आणि सगळं पुन्हा दळलं.

मग दर चार दिवसांनी शकूचं पीठ तिथून जाऊ लागलं. दोन आठवड्यांनी हगवण थांबली. महिन्यानं एके सकाळी मुनीमजींच्या घरातून अशी आरडाओरड ऐकू आली की मी पट्टा सोडून धावलो. बघतो तर शकू ओट्यावर पाय आपटून किंचाळत होती आणि वहिनी भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होत्या. "काय झालं वहिनी?" मी घाबरून विचारलं. "दुसरी भाकर मागते आहे," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं की मारते मला." त्यांनी दंड पुढे करून दाखवला. शकूनं चावलंही होतं. इतक्या आनंदानं चावा दाखवणारी आई मी पुन्हा पाहिली नाही.

मी तेव्हापासून एक केलं. मधली मूठ बंद केली. एक-दोन बायांनी डोळ्यानं खुणावलं, मी सरळ इंजिनाकडे बघत राहिलो. दोन गिऱ्हाइकं तुटली आणि महिनाभरात परत आली, कारण चक्की एकच होती. हे मला आधी का सुचलं नाही, याचं वाईट वाटायचं ते अजून वाटतं.

सालं सरत गेली. शकू शाळेत जाऊ लागली, धिंगाणा घालू लागली. चंद्रभागाबाईची मुलगी शिकून मास्तरीण झाली, उमरखेडकडच्या एका शाळेत लागली. पहिल्या पगाराला घरी आली ती गहू घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीवर ही गर्दी. रांगेत चंद्रभागाबाई, डोक्यावर डबा. खाली ठेवला, झाकण काढलं. आत गहू, सोन्यासारखा. सगळ्या बाया वाकून पाहू लागल्या. मला ते तिचं पायरीपाशी केलेलं बोलणं आठवलं, पहिली मूठ त्याच जात्यात. मी म्हटलं, "बाई, हा गहू इथं कायले आणला? घरी जातं हाये नं तुमचं? इतके वर्स वाट पाह्यली तुमी."

चंद्रभागाबाईनं पदर सारखा केला. रांगेकडे एकदा पाहिलं. ज्या आवाजात विनायकराव पोळीचं सांगत, त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "त्या जात्यात गहू चालत नाही, बशीरभाऊ. शकूचं जातं हाये थे."

मी डबा उचलला. वरच्या पेटीत गहू ओतला, पट्टा चढवला. पीठ पडू लागलं आणि पाठीमागे जोराचा गलका झाला. वळून पाहिलं तर बायांची रांग मोडली होती. ज्या डोळ्यानं खुणवायच्या त्याही त्यात होत्या. सगळ्या आपापले ज्वारीचे डबे पुढे रेटत होत्या आणि एकमेकींवर ओरडत होत्या, "बशीरभाऊ, मायं टाका! चंद्रभागाबाईच्या गव्हामागं मायं टाका!"